चित्रपट कसा वाटला?

(घरी बसून चित्रपट पाहिला, की आपण लगेच मत देतो. "मस्त होता", "कंटाळवाणा होता" असे म्हणून मोकळे होतो. पण मत देणे ही इतकी सोपी गोष्ट आहे का? आपले मत कोण ऐकत असते? चांगले मत कसे तयार होते? प्रस्तुत पाठात एका घरातल्या दोन संध्याकाळींच्या आधारे याचा विचार केला आहे.)



तुम्ही अलीकडे घरी कोणता चित्रपट पाहिला? तो कसा वाटला, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक जण एकाच शब्दात उत्तर देतील. कोणी म्हणेल "भारी", कोणी म्हणेल "बकवास". असे शब्द बोलायला सोपे असतात. पण ते ऐकून समोरच्याला चित्रपटाविषयी काही कळते का? विचार करून पाहा.

घरी चित्रपट पाहणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागू लागला. ज्या घरी दूरदर्शन संच असे, त्या घरी सगळी आळी जमत असे. मुले पुढे बसत, म्हातारी माणसे मागे भिंतीला टेकून बसत. त्यानंतर व्हिडिओचा काळ आला. वर्गणी काढून एका रात्रीपुरता संच भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत दोन-तीन चित्रपट पाहायचे, अशी रीत गावोगावी होती. आता चित्रपट मोबाइलमध्ये आला आहे. पूर्वी पन्नास माणसे एक चित्रपट पाहत. आज एका घरात चार माणसे चार चित्रपट पाहतात. त्यामुळे सोय झाली, पण चित्रपट संपल्यावर ओट्यावर रंगणारी चर्चा मात्र कमी झाली.

अशी चर्चा अजून होते, अशा एका घरात आपण कल्पनेनेच जाऊ या.

बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी हे गाव आहे. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. मालमोटारींची ये-जा दिवसरात्र चालू असते. समजा, या महामार्गाच्या कडेला एका अब्बांचे पंक्चर काढायचे दुकान आहे. त्यांच्या घरात दादी आहेत, अम्मी आहेत, महाविद्यालयात शिकणारी आपा आहे आणि दोन मुले आहेत. एक आठवीत शिकतो, दुसरा पाचवीत. शनिवारी रात्री अब्बा दुकान बंद करून येतात, जेवणे होतात आणि सगळे मिळून एक चित्रपट पाहतात. शेजारच्या काकूही येतात. घरातले लोक आपसांत उर्दूत बोलतात, काकूंशी मराठीत बोलतात आणि काकू त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलतात. कोणाचेही कोणावाचून अडत नाही.

एका शनिवारी त्यांनी 'लापता लेडीज' हा हिंदी चित्रपट पाहिला. किरण राव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांत आला आणि त्याच वर्षी ऑस्कर पुरस्कारासाठी भारतातर्फे पाठवला गेला. त्याची गोष्ट २००१ सालची आहे. रेल्वेच्या एकाच डब्यात दोन नव्या नवऱ्या असतात. दोघींच्या तोंडावर एकसारखे घुंगट असतात. रात्री घाईगडबडीत एक नवरदेव दुसरीलाच घेऊन उतरतो. फूल नावाची नवरी एका अनोळखी स्टेशनावर एकटी राहते आणि जया नावाची दुसरी नवरी भलत्याच घरी जाऊन पोहोचते.

चित्रपट संपला. आपाने विचारले, "कसा वाटला?"

पाचवीतला धाकटा म्हणाला, "बोअर."

अब्बा म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण नवरी बदलली हे इतका वेळ कोणाच्याच लक्षात येत नाही, हे मला पटलं नाही."

आपा म्हणाली, "मला जया आवडली. तिला शेतीचं शिक्षण घ्यायचं आहे. आधी वाटतं की ती लबाड आहे. नंतर कळतं की तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता."

दादी थोडा वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, "ती फूल स्टेशनावर बसली होती ना, तिला सासरच्या गावाचं नाव सांगता येत नव्हतं. मी लग्न होऊन नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा माझंही असंच होतं. तुमच्या दादांचा हात सुटला असता, तर मी कोणाला काय सांगितलं असतं?"

घरातले सगळे दादींकडे पाहू लागले. ही गोष्ट त्यांनी यापूर्वी कोणालाही सांगितली नव्हती.

मित्रांनो, ही चार मते पुन्हा एकदा वाचा. अब्बांना चित्रपटातली एक गोष्ट पटली नाही आणि ती कोणती, हे त्यांनी नेमके सांगितले. आपाने एका पात्राविषयी आपले मत कसे बदलत गेले, ते सांगितले. दादींनी चित्रपटातला प्रसंग स्वतःच्या आयुष्याशी जोडला. तिघांची मते वेगळी आहेत, पण तिन्ही मतांना आधार आहे. अब्बांचे म्हणणे आपाला मान्य नसेल, तर ती त्यांना उत्तर देऊ शकते. ती म्हणू शकते, "अब्बा, घुंगटामुळे चेहराच दिसत नाही, हेच तर चित्रपटाला सांगायचं आहे." अशा रीतीने चर्चा पुढे जाते.

धाकट्याच्या मताचे काय? "बोअर" या शब्दाला काय उत्तर देणार? आपाने त्याला विचारले, "तुला नेमकं काय आवडलं नाही?" तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. त्याने हा चित्रपट दुपारीच मोबाइलवर पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, तर दहा-दहा सेकंद पुढे ढकलत पाहिला होता. जिथे कोणी गप्प बसले, तिथे त्याने बोट लावले. स्टेशनावर चहाचे दुकान चालवणारी मंजू माई फूलला धीर देते, ते प्रसंगच त्याने पाहिले नव्हते. रात्री सगळ्यांबरोबर बसला तेव्हा आपल्याला सगळे माहीत आहे असे समजून तो मधेच झोपला. तेव्हा "चित्रपट कंटाळवाणा आहे" असे म्हणण्याऐवजी "मी चित्रपट पाहिलाच नाही" असे त्याने म्हणायला हवे होते. भाजी न चाखता तिला मीठ कमी आहे म्हणणारा माणूस आणि चित्रपट ढकलत पाहून मत देणारा माणूस, दोघेही सारखेच.

यावरून आपल्याला काही गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे, मत देण्यापूर्वी चित्रपट पूर्ण पाहावा. तो अर्धा पाहिला असेल, तर तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, चित्रपटात काय आहे आणि मला काय वाटले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. "फूल स्टेशनावर एकटी राहते" ही चित्रपटातली घटना आहे. ती सर्वांना सारखीच दिसते. "मला तिची फार काळजी वाटली" हे माझे वाटणे आहे. ते दुसऱ्याचे वेगळे असू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे, मतामागे कारण असावे. "आवडला" यानंतर "कारण" हा शब्द आला, की मताला पाय फुटतात.

चौथी गोष्ट म्हणजे, ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याला शेवट सांगू नये. तो त्याचा आनंद आहे. तो हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणूनच 'लापता लेडीज'चा शेवट या पाठात सांगितलेला नाही.

आता थोडे भाषेविषयी. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, त्यामुळे मराठीतून मत देताना काही शब्द तुम्हाला मदत करतील, तर काही शब्द फसवतील. 'पसंत', 'मजा', 'नजर', 'शाबास' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. ते बिनधास्त वापरा. पण 'मत' हा शब्द पाहा. उर्दूत 'मत' म्हणजे 'नको, करू नका'. मराठीत 'मत' म्हणजे 'राय'. "माझे मत सांगा" याचा अर्थ "सांगू नका" असा नाही! 'तक्रार' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी किंवा भांडण आणि मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, शिकायत. 'खुलासा' या शब्दाचेही असेच आहे. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, तर मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. मराठीच्या बाईंनी चित्रपटाचा 'सारांश' लिहायला सांगितला तर थोडक्यात गोष्ट लिहा. 'खुलासा करा' म्हटले तर कारण समजावून सांगा.

मत मांडताना मराठीत पुढील शब्दप्रयोग उपयोगी पडतात : 'माझ्या मते', 'मला असे वाटते की', 'मला पटले नाही, कारण', 'एवढे मात्र खरे की', 'तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण'. यांतला शेवटचा प्रयोग नीट लक्षात ठेवा. भांडण न करता वेगळे मत कसे द्यावे, हे तो शिकवतो.

येथपर्यंतच्या गोष्टी पुस्तकात वाचून शिकता येतात. पण आणखी एक गोष्ट आहे. ती त्या घराला पुढच्या शनिवारी कळली.

त्या शनिवारी आपाने 'नाळ' हा मराठी चित्रपट लावला. जन्माआधी आई आणि बाळ यांना जोडणारा जो दुवा असतो, त्याला नाळ म्हणतात. उर्दूतही त्याला 'नाल' असेच म्हणतात. हा चित्रपट १६ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांची मातृभाषा मराठी नाही, तेलुगू आहे. तरी त्यांनी पहिला चित्रपट मराठीत केला आणि त्यातली माणसे विदर्भाच्या बोलीत बोलतात. पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैत्याचे काम करणाऱ्या श्रीनिवास पोकळे या मुलालाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरी भाषा शिकणाऱ्या तुम्हा मुलांना हे वाचून बळ यायला हवे.

चैत्या हा नदीकाठच्या गावात राहणारा लहान मुलगा. घरात आई आहे, वडील आहेत, आजी आहे. एकदा घरी आलेल्या पाहुण्याकडून त्याला कळते, की ज्या आईने आपल्याला वाढवले तिने आपल्याला जन्म दिलेला नाही. घर तेच, आई तीच, पण चैत्याच्या मनात शंका शिरते. कालपर्यंत आईचे रागावणे नुसते रागावणे होते. आज त्याला त्याचा वेगळाच अर्थ लागू लागतो.

चित्रपट निम्मा झाला होता. काकूंना घरी दूध तापवायचे होते, म्हणून त्या उठल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "पोटचं ते पोटचंच असते, भाभी. दुसऱ्याच्या लेकराले कितीबी जीव लावा, एक दिवस ते आपल्या मायकडंच जाते."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हते. चित्रपट पाहताना आपण सगळेच असे काहीतरी बोलतो. पण आठवीतला मुलगा उठला आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. कारण काय, ते घरात सर्वांना माहीत होते. तो अम्मींच्या बहिणीचा मुलगा होता. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली. तेव्हापासून तो याच घरात वाढला आणि खालालाच अम्मी म्हणू लागला. काकूंनाही हे ठाऊक होते. बोलण्याच्या ओघात त्या विसरल्या होत्या.

आपाने चित्रपट थांबवला. अम्मी आत गेल्या. आत काय बोलणे झाले, ते बाहेर कोणाला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने दोघे बाहेर आले. मुलगा म्हणाला, "लावा पुढे. मला शेवटपर्यंत पाहायचा आहे."

काकूही दारातून परत आल्या होत्या. दुधाचे काम तसेच राहिले. सगळ्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला.

संपल्यावर आज कोणी "कसा वाटला?" असे विचारले नाही. मुलगा स्वतःच बोलला आणि काकूंना कळावे म्हणून मराठीत बोलला. "काकू, माझ्या मते चैत्याचं एक चुकलं. आई रागावते म्हणजे आपण परके, असं त्याला वाटलं. पण परक्या मुलावर कोणी इतक्या हक्कानं रागावतं का? पाहुण्याच्या मुलाला आपण गोडच बोलतो. अम्मी मला रोज रागावते."

अम्मी हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. काकू त्याच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "माहं चुकलं, बाबू. म्या सिनेमा अर्धाच पाह्यला आन् बोलून बसली."

मित्रांनो, त्या मुलाचे मत पुन्हा वाचा. त्याने चित्रपट पूर्ण पाहिला. चैत्याला काय वाटते, ते त्याने ओळखले. ते का चुकीचे आहे, याचे कारण दिले आणि त्या कारणाला रोजच्या जगण्यातले उदाहरण जोडले. मागे सांगितलेले नियम त्याने पाठ केले नव्हते. पण ज्या गोष्टीशी आपला जीव गुंतलेला असतो, त्या गोष्टीविषयी माणूस नीट विचार करून बोलतो.

काकूंचेही कौतुक करायला हवे. आपले मत चुकले, असे मोठ्या माणसाने लहान मुलासमोर म्हणणे सोपे नसते. बदललेले मत म्हणजे हार नव्हे. आधी जे दिसले नव्हते ते आता दिसले, एवढाच त्याचा अर्थ.

चित्रपट पडद्यावर असतो, पण त्याच्याविषयीचे आपले बोलणे घरातल्या जिवंत माणसांच्या कानांवर पडते. पडद्यावरचा गरीब, पडद्यावरचा अनाथ, पडद्यावरचा अपंग यांना आपण हसतो, नावे ठेवतो. त्यांना ते ऐकू येत नाही. पण आपल्या शेजारी बसलेल्या कोणाला तरी ते ऐकू येते. याचा अर्थ असा नाही, की खरे मत लपवावे आणि सगळ्यालाच चांगले म्हणावे. अब्बांना जे पटले नाही ते त्यांनी स्पष्ट सांगितलेच. खरे जरूर बोलावे, कारण देऊन बोलावे आणि बोलण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहावे.

येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांबरोबर एक चित्रपट पाहा. तो संपल्यावर लगेच उठू नका. सर्वांत आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, "तुम्हाला कसा वाटला?" त्यांना बोलू द्या. कदाचित तुम्हालाही एखाद्या स्टेशनाची अशी गोष्ट ऐकायला मिळेल, जी आजवर कोणी सांगितलीच नव्हती.

शब्दार्थ

आळी – गल्ली, मोहल्ला
वर्गणी – सर्वांनी मिळून जमवलेले पैसे, चंदा
ओटा – घरापुढची बसायची उंच जागा
नेमके – अगदी बरोबर तेच
लबाड – फसवणारा
पदार्पण – पहिल्यांदा एखाद्या क्षेत्रात येणे
दुवा – जोडणारा भाग (उर्दूतील 'दुआ' हा शब्द वेगळा आहे)
पोटचे – स्वतः जन्म दिलेले मूल
लेकरू – मूल
हक्काने – आपलेपणाच्या अधिकाराने

वाक्प्रचार

धीर देणे – हिंमत देणे
उघडकीस येणे – लपलेली गोष्ट माहीत होणे
हिरावून घेणे – बळाने काढून घेणे
नावे ठेवणे – दोष काढणे
जीव लावणे – मनापासून प्रेम करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वडनेर भोलजी हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) मुंबई दूरदर्शन केंद्र केव्हा सुरू झाले?
(इ) 'नाळ' या चित्रपटाच्या दिग्दर्शकांची मातृभाषा कोणती?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धाकट्याच्या मताला आधार नव्हता, असे का म्हणता येईल?
(आ) दादींना फूलचा प्रसंग पाहून काय आठवले?
(इ) आठवीतला मुलगा चित्रपट चालू असताना उठून आत का गेला?

३. पुढील वाक्ये कोणी कोणाला म्हटली, ते लिहा.
(अ) "तुला नेमकं काय आवडलं नाही?"
(आ) "माहं चुकलं, बाबू."

४. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहून मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा.
मत, तक्रार, खुलासा

५. "चित्रपटात घडलेली घटना" आणि "मला वाटलेली गोष्ट" असे दोन रकाने करा. तुम्ही घरी पाहिलेल्या एका चित्रपटातील तीन-तीन वाक्ये त्यांत लिहा.

६. तुम्ही अलीकडे घरी पाहिलेल्या चित्रपटाविषयी तुमचे मत दहा ओळींत लिहा. 'माझ्या मते', 'कारण' आणि 'एवढे मात्र खरे की' यांचा वापर करा. शेवट सांगू नका.